निराधार वेड्यांच्या कैवारी डॉरथिया डिक्सबाई

वांगणी स्टेशनाच्या फलाटावर सकाळच्या वेळी आंधळी माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गाडीची वाट पाहत उभी असलेली आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. मुंबईत घरभाडे परवडत नाही म्हणून ही अंध कुटुंबे येथे येऊन राहिली, आणि लोकलगाडीत किरकोळ जिनसा विकून त्यांतील बरीच आपला निर्वाह करितात. सन २०२१ च्या एप्रिल महिन्यात ह्याच फलाटावरून एका अंध मातेचे लेकरू रुळांवर पडले, तेव्हा मयूर शेळके नावाच्या रेल्वेच्या पॉइंट्समनने येत्या गाडीपुढे धावत जाऊन त्याला वर उचलले, आणि साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. आंधळ्याला हात द्यावा, ही गोष्ट आता आमच्या भागात लहान पोरांसही शिकवावी लागत नाही.

परंतु ह्याच लोहमार्गावर आणखी एका प्रकारची माणसे आहेत, आणि त्यांस हात द्यावयास कोणी पुढे होत नाही. दोन वर्षांपूर्वी मुंबईकडच्या एका स्थानकावर आम्ही असा एक मनुष्य काही महिने पाहत होतो. वैशाखाच्या उन्हात त्याच्या अंगावर एकावर एक तीन सदरे असत. केसांच्या जटा झालेल्या, हातात फाटक्या कागदांचा गठ्ठा, आणि आपणांस न दिसणाऱ्या कोणाशी तरी त्याचे सारखे बोलणे चाललेले. लोक त्याला वळसा घालून जात. आम्हीही गीतांच्या पुस्तकांची पिशवी सांभाळीत वळसाच घालून जात असू. एके दिवशी तो दिसेना. चहावाल्यास विचारले तेव्हा तो म्हणाला की कोणीतरी त्याला लांबच्या गाडीत बसवून दिले. कोणत्या गाडीत, हे त्याला ठाऊक नव्हते. विचारावे असेही त्याला वाटले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर तोवर आम्हांसही वाटले नव्हते.

अशा माणसांचे पुढे काय होते, हे स्वतः जाऊन पाहावे असे ज्या एका बाईला वाटले, तिचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मिस डॉरथिया लिंड डिक्स ह्यांचा जन्म अमेरिकेतील मेन प्रांतात हॅम्पडेन ह्या गावी इ. स. १८०२ च्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस झाला. त्यांचे वडील जोसेफ डिक्स हे गावोगाव हिंडून उपदेश करणारे मेथडिस्ट होते. उपदेशकाचे घर म्हणून ते सुखाचे असेल असे कोणी समजू नये. वडिलांस दारूचे व्यसन होते, आई नेहमी अंथरुणास खिळलेली, आणि धाकट्या दोन भावांचे सर्व करणे ह्या मुलीच्या अंगावर. वडील धर्मपर पत्रके विकीत, ती दुमडून सुईदोऱ्याने शिवण्याचे कामही तिच्याकडेच असे. आपणांस बाळपण असे मिळालेच नाही, अशी त्यांची पुढे समजूत होती. बारा वर्षांच्या असताना त्या घर सोडून बॉस्टन शहरी आपल्या आजीकडे गेल्या. आजी श्रीमंत होती, पण शिस्तीची फार कडक. चौदाव्या वर्षी वुस्टर गावी नातलगांकडे राहत असताना त्यांनी लहान मुलांची शाळा काढली, आणि मुलांस आपण मोठ्या वाटावे म्हणून लांब झगे घालून त्या शिकवू लागल्या.

पुढील वीस वर्षे त्यांनी शाळा चालविण्यात घालविली. दिवसा पैसे देणाऱ्या मुलींची शाळा, आणि संध्याकाळी गरिबांच्या मुलांची फुकट शाळा, असा त्यांचा क्रम असे. सन १८२४ मध्ये त्यांनी मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात नित्याच्या वस्तूंविषयी आई व मुलगी ह्यांचे संभाषण होते, आणि त्याच्या पुढे साठ आवृत्त्या निघाल्या. परंतु प्रकृतीने त्यांस कधी नीट साथ दिली नाही. छातीचा विकार वारंवार उलटे, आणि सन १८३६ मध्ये शरीर व मन दोन्ही इतकी खचली की डॉक्टरांनी त्यांस समुद्रप्रवासास पाठविले. लिव्हरपूल येथे रॅथबोन नावाच्या परोपकारी कुटुंबाने त्यांस सुमारे दीड वर्ष आपल्या घरी ठेवून घेतले. ज्या बाईने पुढे हजारो भ्रमिष्टांची चिंता वाहिली, ती स्वतः एकदा मनाने मोडून परक्यांच्या घरी पडून होती, ही गोष्ट आम्हांस लक्षात ठेवण्याजोगी वाटते. त्याच घरी त्यांच्या कानी यॉर्क येथील आश्रमाची हकीकत आली. विल्यम ट्यूक ह्या क्वेकर गृहस्थाने तो सन १७९६ मध्ये उघडला होता, आणि तेथे वेड्यांस साखळदंड न घालता सौम्यतेने वागवून, काम देऊन बरे करण्याचा यत्न होत असे. मध्यंतरी आजी वारली, व तिने ठेवलेल्या पैशामुळे त्यांस पुढे पोटासाठी कष्ट करण्याची गरज राहिली नाही. नाहीतर पुढचा सारा प्रवास झालाच नसता.

सन १८४१ च्या मार्च महिन्यातील एका रविवारी त्यांच्या आयुष्यास वळण लागले. बॉस्टनजवळ ईस्ट केंब्रिज येथील तुरुंगातील स्त्रियांची शब्बाथशाळा घेण्यास एका धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यास सांगितले होते. हे काम बाईमाणसाने करावे असे त्यास वाटून तो कोणी शिक्षिका शोधीत होता. डिक्सबाई आपण होऊन गेल्या. धडा आटोपल्यावर त्यांनी तुरुंग फिरून पाहिला. न्यू इंग्लंडचा तो मार्च महिना, बाहेर बर्फ. आणि एका बाजूच्या खोल्यांत काही स्त्रिया शेगडीवाचून थंडीने कुडकुडत पडलेल्या. त्यांनी कोणता गुन्हा केला म्हणून चौकशी केली, तर गुन्हा काहीच नव्हता. त्या वेड्या होत्या, आणि त्यांस ठेवावयास दुसरी जागा नव्हती. शेगडी का नाही, असे विचारता पहारेकऱ्याने सांगितले की वेड्यांस थंडी लागत नाही, आणि विस्तव ठेवणे धोक्याचे असते.

हे ऐकून पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली असती व आपली वाट धरली असती. डिक्सबाईंनी त्या गावच्या न्यायालयाकडे अर्ज केला. अर्ज मान्य झाला आणि त्या खोल्यांत शेगड्या पेटल्या. येथवर काम आठ-पंधरा दिवसांचे होते. परंतु त्यांच्या मनात असे आले की येथे जर हे आहे तर दुसऱ्या गावी काय असेल. सॅम्युएल हाऊ नावाच्या डॉक्टर मित्राच्या सल्ल्याने त्या एक वही घेऊन मॅसॅच्युसेट्स प्रांतातील तुरुंग व गरीबखाने एकामागून एक पाहत निघाल्या.

त्या वेळी अमेरिकेत निराधार वेड्यांची व्यवस्था कशी असे, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील गरिबांचा खर्च सोसावा असा कायदा होता. म्हणून परगावचा मनुष्य आला की गावचे पंच त्याला हद्दीपार करण्याची त्वरा करीत, आणि ज्याला आपण कोठला हेच सांगता येत नाही अशा भ्रमिष्टाचे हाल तर विचारूच नयेत. तो ह्या गावाने त्या गावावर ढकलावयाचा आणि त्या गावाने पुढच्यावर. जो आपल्याच गावचा निघे त्याचा कित्येक ठिकाणी लिलाव होई. परंतु हा लिलाव उलटा असे. जो सर्वांत कमी पैशांत त्याला सांभाळावयास तयार होई, त्याच्या स्वाधीन त्यास करीत. आणि इतक्या थोड्या पैशांत सांभाळणारा त्याला कसा सांभाळीत असेल, हे सांगावयास नको. आमच्या स्थानकावरील त्या मनुष्याला ज्याने गाडीत बसवून दिले त्याने हा जुना कायदा कधी ऐकलाही नसेल. पण त्याने केले तेच.

सन १८४३ च्या जानेवारी महिन्यात डिक्सबाईंचे विनंतीपत्र मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळापुढे आले. स्त्रीने तेथे उभे राहून बोलण्याची त्या काळी चाल नव्हती, म्हणून ते डॉक्टर हाऊ ह्यांनी मांडिले. त्या विनंतीपत्रात अलंकारिक भाषा थोडी. गावाचे नाव, आणि त्या गावी काय पाहिले. एका ठिकाणी पिंजऱ्यात ठेविलेली स्त्री. एका ठिकाणी तळघरात साखळीने बांधलेला पुरुष. कोणी लाकडी खोक्यात, कोणी जनावरांच्या कोंडवाड्यात, कोणी उघडेनागडे, कोणी छड्यांच्या माराने भिऊन गप्प झालेले. डॅन्व्हर्स गावच्या एका तरुणीविषयी त्यांनी लिहिले की ती बंदिवासात आपल्याच अंगाची कातडी ओरबाडून काढीत होती. ज्या गावांची नावे आली त्या गावचे पंच संतापले व वर्तमानपत्रांतून हे सर्व खोटे आहे असे म्हणू लागले. परंतु डॉक्टर हाऊ व त्यांचे मित्र चार्ल्स समनर ह्यांनी जे स्वतः पाहिले होते त्यावरून बाईंच्या म्हणण्यास पुष्टी दिली, आणि वुस्टर येथील सरकारी इस्पितळ वाढविण्याचा ठराव पास झाला.

येथे आमच्या वाचकांस एक गोष्ट सांगण्यासाठी आम्ही क्षणभर थांबतो. हे वृत्त वाचताना ती माणसे क्रूर होती असे मनात येते. काही असतीलही. पण डिक्सबाईंनीच म्हटले आहे की पुष्कळ ठिकाणी सांभाळणारे निर्दय नव्हते; त्यांस ते काम येत नव्हते, आणि दुसरा उपाय कोणी दाखविला नव्हता. आम्हांस ह्याची खात्री पटण्याचे कारण असे की आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या मंडळ्यांपैकी एका वाडीत गेलो असता गोठ्यातील खांबास दोराने बांधलेला एक तरुण आम्हांस दाखविण्यात आला. त्याची आई दोन वेळा त्याला स्वतःच्या हाताने भरवी आणि दोराखाली जुने लुगडे गुंडाळून ठेवी, की मनगट सोलू नये. आधी देवऋषी झाला होता. नंतर आपल्या लोकांनी उपास धरून प्रार्थना केल्या होत्या, आणि भूत निघत नाही म्हणून शेवटी त्या आईच्या विश्वासातच उणे काढले होते. इस्पितळात न्यावे तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि रस्त्यात तो आवरला नाही तर काय करावयाचे, हे कोणी सांगत नव्हते. आम्हीही प्रार्थना केली, चहा घेतला आणि परत आलो. पुष्कळ दिवस तो दोर आमच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

मॅसॅच्युसेट्सनंतर डिक्सबाई थांबल्या नाहीत. ऱ्होड आयलंड प्रांतात लिटल कॉम्प्टन ह्या गावी एब्राम सिमन्स नावाचा वेडा एका दगडी कोठडीत कोंडलेला त्यांनी पाहिला. त्या कोठडीस खिडकी नव्हती, आणि भिंतींवर बर्फाचा थर चढला होता. त्याची हकीकत त्यांनी सन १८४४ मध्ये वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली. मग सायरस बटलर ह्या फार श्रीमंत आणि फार चिक्कू म्हणून प्रसिद्ध असलेल्या गृहस्थाच्या घरी जाऊन त्याच्याकडून त्यांनी चाळीस हजार डॉलर इस्पितळासाठी मिळविले. न्यू जर्सी प्रांतात ट्रेंटन येथे त्यांच्या खटपटीने नवे इस्पितळ सन १८४८ मध्ये उघडले. हे आपले पहिले अपत्य, असे त्या मानीत.

त्याच वर्षी त्या नॉर्थ कॅरोलायना प्रांतात राले शहरी गेल्या. कायदेमंडळात खर्चाच्या भयाने ठराव नापास होण्याच्या पंथास लागला होता. ज्या खाणावळीत त्या उतरल्या होत्या तेथेच जेम्स डॉबिन नावाच्या सभासदाची पत्नी आजारी पडली. डिक्सबाईंनी तिची रात्रंदिवस शुश्रूषा केली. ती वाचली नाही; पण मरतेवेळी तिने नवऱ्याकडून वचन घेतले की ह्या बाईंचे काम तुम्ही कराल. तिला मूठमाती देऊन डॉबिन कायदेमंडळात परतले व त्यांनी असे भाषण केले की तो ठराव पास झाला. ह्या राले शहराकडे आम्हांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

सन १८४८ पर्यंत त्यांनी नऊ हजारांहून अधिक वेडे, मिरगीचे रोगी व मतिमंद डोळ्यांनी पाहिले होते. त्या काळी आगगाडी थोड्या ठिकाणी होती. बाकी प्रवास घोडागाडीने, नावेने, चिखलातून. चाक मोडले तर दुरुस्त करता यावे म्हणून त्या हातोडा, खिळे व दोरी बरोबर बाळगीत, असे सांगतात. आणि छातीचा विकार सुटला नव्हताच.

प्रांताप्रांतातून हिंडताना त्यांच्या ध्यानात आले की एका वर्षी पैसा मिळतो आणि दुसऱ्या वर्षी कायदेमंडळाचे मन पालटते. म्हणून त्यांनी सर्व देशासाठी एक योजना मांडिली. सरकारी पडीत जमिनीपैकी १,२२,२५,००० एकर जमीन राखून ठेवावी. तिच्या विक्रीच्या पैशांतून एक कोटी एकरांचे उत्पन्न निराधार वेड्यांसाठी व उरलेले आंधळे, बहिरे व मुके ह्यांच्यासाठी कायमचे लावून द्यावे. सहा वर्षे त्या वॉशिंग्टन शहरी सभासदांच्या दाराशी बसल्या. सन १८५४ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते विधेयक पास केले. मग अध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स ह्यांनी ते नाकारले. दानधर्म हे मध्यवर्ती सरकारचे काम नव्हे, ते प्रांतांनी पाहावे, असे त्यांचे म्हणणे पडले. रेल्वे कंपन्यांस त्याच काळात सरकारी जमीन सढळ हाताने मिळत होती, हे येथे सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. गावाने प्रांतावर टाकावे, प्रांताने देशावर, आणि देशाने फिरून प्रांतावर. हद्दीवरून ढकलण्याची जी रीत पंचांची, तीच शेवटी अध्यक्षांची झाली.

खचून जाऊन त्या युरोपास गेल्या, आणि विश्रांती घेण्याचे सोडून तेथेही इस्पितळे पाहत हिंडल्या. स्कॉटलंडात त्यांनी जे पाहिले त्यावरून चौकशी-मंडळ नेमिले गेले व सन १८५७ मध्ये नवा कायदा झाला. रोम शहरी तर ह्या प्रॉटेस्टंट बाईंनी प्रत्यक्ष पोप नववे पायस ह्यांची भेट घेऊन तेथील वेड्यांच्या इस्पितळाची दुरवस्था त्यांच्या कानी घातली. पुढे सन १८६१ मध्ये अमेरिकेत आपसांतील युद्ध पेटले तेव्हा सैन्यातील परिचारिकांच्या त्या प्रमुख झाल्या. पण ते काम त्यांस साधले नाही. हुकूम चालविण्याची सवय, दुसऱ्याचे न ऐकणे, रोमन कॅथलिक बहिणींविषयी मनात किंतु, ह्यांमुळे डॉक्टरांशी त्यांचे नेहमी खटके उडाले. आणखी एक उणेपणा आम्ही झाकून ठेवीत नाही. दक्षिणेकडील प्रांतांत त्या वर्षानुवर्षे हिंडल्या, परंतु तेथे साखळदंडांत असलेल्या काळ्या गुलामांविषयी त्यांनी मौन धरिले. वेड्यांचे काम बिघडू नये म्हणून धरिले असे कोणी म्हणतात. ते कारण आम्हांस पुरेसे वाटत नाही.

सन १८८१ मध्ये त्या थकून ट्रेंटनच्या इस्पितळात राहावयास गेल्या. स्वतःचे घर त्यांनी कधी केलेच नव्हते. त्या प्रांताने त्यांस तेथे राहण्यास खोल्या दिल्या. तेथेच इ. स. १८८७ च्या जुलै महिन्यात, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्या मरण पावल्या. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न स्मशानभूमीत त्यांची कबर आहे, व तिच्यावरील दगड अगदी साधा आहे. त्यांच्या खटपटीने स्थापन झालेली किंवा वाढलेली इस्पितळे तिसांहून अधिक होती.

चरित्र येथे संपावयास पाहिजे. पण त्या इस्पितळांचे पुढे काय झाले हे न सांगता लेखणी खाली ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शहरे वाढली आणि ज्याला घर नाही, ज्याचे कोणी नाही, असे सर्व तेथे आणून सोडण्यात येऊ लागले. दोनशेंच्या जागी दोन हजार झाले. ज्या ट्रेंटनच्या इस्पितळात डिक्सबाई वारल्या तेथेच सन १९०७ पासून हेन्री कॉटन नावाचा मुख्य डॉक्टर होता. दातांत व आतड्यांत विष साचून वेड लागते असे ठरवून त्याने रोग्यांचे दात उपटले, आतडी कापिली, आणि पुष्कळ रोगी त्यात मेले. सन १९५५ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसे होती. मग नवी औषधे निघाली, आणि ही कोंडवाडी बंद करावी असे विचारवंत म्हणू लागले, ते बरोबरच होते. सन १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी ह्यांनी नव्या कायद्यावर सही केली. मोठी इस्पितळे रिकामी करावी व गावोगाव लहान केंद्रे काढून रोग्यांस घराजवळ औषधपाणी द्यावे, असा तो बेत होता. इस्पितळे रिकामी झाली. केंद्रे मात्र ठरविली त्यांच्या निम्म्याच्या आसपासच निघाली. ज्यांस घर होते ते घरी गेले. ज्यांस नव्हते ते रस्त्यावर आले, आणि रस्त्यावरून तुरुंगात. लॉस एंजलिस परगण्याचा तुरुंग आता त्या देशातील मनोरुग्णांच्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक समजला जातो. राले शहरातील इस्पितळास डिक्सबाईंचे नाव दिले होते. ते सन २०१२ मध्ये बंद झाले, व शहराने ती तीनशे एकर जागा विकत घेऊन तेथे बाग केली आहे. बागेसही डिक्सबाईंचेच नाव आहे.

हे सर्व दूरच्या देशाचे, असे कोणी म्हणू नये. ठाणे येथील मनोरुग्णालय सन १९०१ पासून आहे, आणि त्यानंतर मुंबईची वस्ती किती पटींनी वाढली हे वाचक जाणतात. पण ईस्ट केंब्रिजची गोष्ट आमच्याकडे फार अलीकडे घडली. वेड लागले एवढ्याच कारणावरून, कोणताही गुन्हा नसता, शेकडो माणसे आपल्या देशातील तुरुंगांत पडून होती. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से ह्यांनी त्यांच्यासाठी दाद मागितली, आणि सन १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांस तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर ठरविले. सन २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे एका दर्ग्याजवळच्या झोपडीस आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले अठ्ठावीस रोगी उठून पळू शकले नाहीत. मुंबईत तर रस्त्यावरील भ्रमिष्टाला पुष्कळदा भिकारी समजून सन १९५९ च्या भीकबंदीच्या कायद्याखाली उचलून नेण्यात येई. मग त्याला रोग आहे हे कोणी पाहावयाचे?

सन २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने साखळदंड घालण्यास सक्त मनाई केली. स्वतःची काळजी घेता न येणारा मनोरुग्ण रस्त्यावर हिंडताना आढळला तर त्याला संरक्षण देणे हे त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याचे कर्तव्य ठरविले. त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोहोचवावे, कोठडीत ठेवू नये, त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. आमच्या उपदेशकांनी हे पाठ करून ठेवावे, कारण ठाण्यात जाऊन सांगणारा कोणी असल्यावाचून हे कर्तव्य बहुधा कागदावरच राहते. वळसा घालून जाताना आम्हांस हे ठाऊक असते तर त्या मनुष्याचे काय झाले असते, असा विचार आमच्या मनात येतो.

आणि वांगणीहून गाडीत बसून शेलू, नेरळ व भिवपुरी ही स्थानके टाकली की कर्जत येते. तेथे श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. डॉक्टर भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉक्टर स्मिता ह्या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने सन १९८८ मध्ये हे काम मुंबईत सुरू केले. एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना त्यांस दिसला; औषधाने तो बरा झाला तेव्हा कळले की तो शिकलेला, आंध्रकडील एका सुस्थित घरचा मुलगा होता. तेव्हापासून रस्त्यावरील रोग्यास उचलून आणावयाचे, औषध द्यावयाचे, शुद्धीवर आल्यावर त्याच्या तोंडून गावाचे नाव काढून घ्यावयाचे, आणि बरोबर माणूस देऊन त्याला तेथवर पोहोचवावयाचे, असे हे काम चालू आहे. हजारो माणसे अशी परत घरी गेली, आणि सन २०१८ मध्ये डॉक्टर वाटवानी ह्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. डिक्सबाईंच्या कामातला जो शेवटचा भाग राहून गेला होता तो हा, असे आम्हांस वाटते. त्यांनी छप्पर मिळवून दिले. पण कबरांमध्ये राहणारा तो गरसेकरांच्या प्रांतातला मनुष्य शुद्धीवर आला तेव्हा त्याला तेथेच ठेवून घेतले नाही, त्याच्या घरी पाठविले, हे आमचे वाचक जाणतात. त्याचे गाव मात्र डुकरांच्या नुकसानीचा हिशेब करीत होते.

परत घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हेही खरे सांगितले पाहिजे. गोठ्यातील त्या तरुणाला शेवटी आम्ही, त्याचा चुलता व वाडीतील दोघे जण मिळून सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. त्याला जो रोग होता त्याचे नाव स्किझोफ्रेनिया. दोन महिन्यांत दोर सुटला. पुढे दिवाळीच्या सुमारास तो बरा दिसतो म्हणून गोळ्या बंद केल्या, आणि माघ महिन्यात तो पुन्हा रात्रीचा उठून रुळांकडे चालू लागला. १४४१६ ह्या टेलिमानसच्या सरकारी दूरध्वनीवर मराठीत सल्ला मिळतो व तो फुकट असतो, हे तेव्हा आम्हांस कळले. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, आणि आपण होऊन त्या थांबवावयाच्या नाहीत असे बजावून सांगितले. आता त्या वाडीत दर रविवारी उपासना आटोपली की उपदेशक त्याच्या घरी जाऊन गोळ्यांचे पाकीट पाहतात आणि किती उरल्या ते मोजतात. गेल्या रविवारी उपदेशक आजारी होते, म्हणून त्यांच्या पत्नी गेल्या होत्या. एक गोळी जास्त उरली होती. त्याची आई म्हणाली की आदल्या दिवशी गाय व्याली, त्या गडबडीत राहिली. ती तिने त्यांच्यादेखतच त्याला दिली.